मला घरातून काढायची सभा

माझ्यावर काय आरोप होता ते आधी सांगते. तो विषय निघाला की आमच्या बिल्डिंगमधले लोक आजही घसा खाकरतात. मला तर वाटतं, तो गच्चीवर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवावा. नोटिशीत लिहिलं होतं, “सदर सदस्या आपल्या सदनिकेत वारंवार त्रयस्थ व्यक्तींना मुक्कामी ठेवतात, सदनिकेत अग्नी प्रज्वलित करून धूर करतात, तसेच पदाधिकाऱ्यांशी बोलताना असभ्य भाषा वापरतात. सबब त्यांचे वर्तन संस्थेच्या हितास बाधक असल्याने त्यांना सदस्यत्वावरून निष्कासित का करण्यात येऊ नये?”

निष्कासित हा शब्द मी त्याआधी कधी तोंडात घेतला नव्हता. एसटीत आम्ही त्याला साधं ‘खाली उतरवणे’ म्हणायचो. तिन्ही आरोप खरे होते. मी एकही नाकारला नाही. मी हात जोडून ‘चुकलं, पुन्हा होणार नाही’ म्हणेन असं ज्यांना वाटलं, त्यांनी माझ्या गाडीतून कधी प्रवास केला नसावा.

मी वाहक होते. नवरा ड्रायव्हर होता, तो गेला आणि मला नोकरीवर घेतलं. सेलूकडं, सोनपेठकडं, जिकडं ड्यूटी लागेल तिकडं गेले. देवगाव फाट्यावर उभी असलेली माणसं लांबूनच भरलेली गाडी बघून तोंड पाडायची. मी दार उघडायचे. “पुढं सरका, मधी लय जागा हाय,” असं ओरडायचे. नसायची जागा, पण माणसं सरकायची आणि व्हायची. बसलेले शिव्या द्यायचे, उभे राहिलेले आशीर्वाद द्यायचे, आणि पुढच्या फाट्यावर हेच उभे राहिलेले बसले की नव्यानं चढणाऱ्यांना शिव्या द्यायचे. नोकरीत मी माणसाविषयी जे काही शिकले ते एवढंच. निवृत्त झाले तेव्हा हातात जे आलं ते सगळं गंगाखेड रोडच्या या दोन खोल्यांत घातलं. गावातलं घर दिरांनी कधीच आपल्या नावावर केलं होतं. म्हणजे हे घर गेलं असतं तर मला दुसरं नव्हतं. सदस्यत्व काढलं की घराचा ताबाही जातो, हे सोसायटीत राहणाऱ्याला माहीत असतं, पण आपल्यावर वेळ येईपर्यंत कुणी त्याचा विचार करत नाही.

आमची सोसायटी लहान आहे. तीन मजले, बारा घरं. मी मधल्या मजल्यावर. माझ्या वरच्या घरात अध्यक्ष, समोरच्या दारात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि खालच्या घरात एक वहिनी. मी राहायला आले त्या पहिल्या दिवशी वहिनीनं पिठलं-भाकरी आणून दिली होती आणि तेव्हापासून आमचं विरजण, मीठ, मिरची, भांडण, सगळं एकत्र होतं.

आता त्रयस्थ व्यक्तींचं. जिल्ह्याच्या गावात आपल्या गावचं एक घर असलं की ते सगळ्या गावाचं असतं. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि ज्यांना आधी ठाऊक होतं त्यांना ते विसरायला कुणी शिकवलं, तेही मला कळत नाही. दवाखान्यात पेशंट आणलेला माणूस माझ्याकडं टेकायचा. कोर्टाची तारीख असलेले भाऊ भाऊ एकाच गाडीनं यायचे, एकमेकांविरुद्ध साक्ष देऊन माझ्याकडं एका ताटात जेवायचे आणि एकाच गाडीनं जायचे. भरतीची परीक्षा द्यायला आलेल्या पोरी हॉलमध्ये ओळीनं निजायच्या. अध्यक्ष एकदा जिन्यात म्हणाले, “बाई, तुमी लॉज काढलाय का?” मी म्हणाले, “लॉजवाल्याला भाड्याची तरी पडलेली असते साहेब, मला तेही नाही.” त्यावर ते हसले होते. तेव्हा आमचं बरं होतं.

बिघडलं ते बाळंतपणावरून. माझ्या चुलतभावाची मुलगी, मला आत्या म्हणते, ती गेल्या हंगामात पोटुशी होती. तिचा नवरा, सासू-सासरे, आणि माझा भाऊ-भावजयसुद्धा ऊसतोडीला खाली, कारखान्यांकडं गेलेले. टोळी एकदा निघाली की मधून परत फिरता येत नाही. मुकादम तसा फिरू देत नाही. ती एकटीच गावात मागं राहिलेली. मी जाऊन तिला घेऊन आले. इथल्या सरकारी दवाखान्यात ती बाळंत झाली, मुलगी झाली. तिथून डॉक्टरांनी सोडलं तेव्हा तिनं विचारलं, “आत्या, आता कुठं जायचं?” मी रिक्षावाल्याला माझ्या घरचा पत्ता सांगितला. यात विचार करण्यासारखं काही होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आमच्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना शेक देतात. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, न्हाऊ घातलं की ओवा, शेपा, लसणाची टरफलं टाकून धुरी द्यायची. माझ्याकडं बाज नव्हती, ती मी ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून गावाकडून गाडीच्या टपावर मागवली आणि ती जिन्यातून वर चढवताना भिंतीचा रंग थोडा उडाला. तो आरोप नोटिशीत लिहायचा कसा राहिला देव जाणे. शेगडी पेटली आणि बिल्डिंगमध्ये ओव्याचा वास सुटला. मला तो वास इतका आवडतो की मी खिडकी लावलीच नाही.

सगळ्यात आधी मास्तर आले. त्यांना दमा आहे. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत, बाळंतिणीच्या घरात परक्या पुरुषानं येऊ नये एवढा अदब त्यांच्यात आहे. म्हणाले, “बाई, धुआँ बहुत हो रहा. मेरेकू रात कू साँस नै आती.” मी सकाळपासून दुपटी धूत होते. मी म्हणाले, “मास्तर, सव्वा महिना कळ काढा.” ते काठी टेकत परत गेले. मग त्यांनी तक्रारीवर सही केली. त्याबद्दल मला त्यांचा राग आला नाही. आधी तोंडावर सांगितलं आणि मग लिहून दिलं, याहून सरळ माणूस कसा असतो?

अध्यक्ष मात्र सचिवांना बरोबर घेऊन आले. दोघंही चपला घालून थेट उंबऱ्याच्या आत. अध्यक्ष म्हणाले, “बाई, ही फ्लॅट सिस्टीम हाय. इथं शेगडी-बिगडी चालणार न्हाई. त्या पोरीला गावाकडं पाठवा, न्हाई तर दवाखान्यात ठेवा.”

आत पोरगी दूध पाजत होती. तिनं हे ऐकलं आणि बाजेवरून उठायला लागली. टाके ओले असलेली पोरगी आपलं बोचकं शोधायला लागली, ते मला दिसलं. माझं डोकं तिथं फिरलं.

“साहेब,” मी म्हणाले, “तुमी जन्मलात तवा तुमच्या आईला काय कूलरपुढं निजवलं होतं का?”

असभ्य भाषा ती हीच. त्यांच्या आईचं नाव घेतलं असं त्यांचं म्हणणं. घेतलं. आईचं नाव घेण्यासारखाच विषय होता. शिवाय मी त्यांना चपला बाहेर काढायला सांगितलं, आणि तेही ज्या आवाजात सांगितलं तो भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता. तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. बिल्डिंगसमोर अपमान झाला हे त्यांना जास्त लागलं असणार.

मग तक्रारअर्ज फिरला. त्यावर निम्म्याहून जास्त घरांच्या सह्या झाल्या, खालच्या वहिनीच्या घरचीसुद्धा. घर तिच्या नवऱ्याच्या नावावर, सही त्याची. वहिनी दुसऱ्या दिवशी येऊन पदराला हात पुसत म्हणाली, “ताई, ह्यांनी सही केली ओ. अध्यक्षाकडं ह्यांचं काम असतंय. पण मीटिंगमधी आमी तुमच्याच बाजूनं हाव, तुमी घाबरू नका.” मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू? त्या दोन दिवसांत भाजीत मीठ घालायचं दोनदा विसरले. पण तिच्या बोलण्यानं मला धीर आला आणि मी तिला जेवायला बसवलं.

सचिव सभेची नोटीस घेऊन आले. हा माणूस पतसंस्थेत नोकरी करतो आणि नियमावाचून पाणी पीत नाही. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. विशेष सर्वसाधारण सभा होणार, मला बाजू मांडायची संधी मिळणार, मताचा हक्क असलेले जेवढे हजर असतील त्यांच्यापैकी तीन चतुर्थांश हात वर झाले की ठराव मंजूर, मग तो निबंधकांच्या मान्यतेला जाणार. मी तारीख बघितली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्या दिवशी येळवस होती.

आमच्याकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. मार्गशीर्षातली ती अमावस्या आली की शेत असलेला माणूस शेतात असतो. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्या शेंगाभाज्या घालून केलेली भज्जी, पिठाचे उंडे आणि ताकातली आंबील, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवायचं. मी नोकरीत असतानाही त्या दिवशी रजा टाकायचे. नवऱ्याच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा दिरांनी अजून नावापुरता ठेवलाय, तिथं मी दरवर्षी जाते, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत. जाताना किल्ली वहिनीकडं ठेवते, हेही माहीत. अध्यक्षांनी तारीख काढली ती हे धरूनच. मला बाजू मांडायची संधी दिली असं कागदावर राहील आणि मी शेतात आंबील पीत बसलेली असेन.

पण त्यांचं एक चुकलं. घरात सव्वा महिना न भरलेली बाळंतीण असताना बाई घर सोडून येळवसला जात नाही. माझ्या सासरी नाही, माहेरी नाही, कुठंच नाही. त्या पोरीला काढायला त्यांनी सभा ठेवली आणि त्या पोरीमुळंच मी घरात होते. सचिवांना मी म्हणाले, “मी हाय. साहेबांना सांगा, बाई कुठं जायली न्हाई.” त्यांनी तेही वहीत टिपून घेतलं.

मी प्रत्येक दार वाजवलं. “येताल ना?” सगळे म्हणाले, येतो. कुणी म्हणालं, “सभा आटपून मग शेतात जाऊ.” कुणी म्हणालं, “तुमच्यासारख्या बाईला काढायलेत म्हणजे काय!” एकानं तर अध्यक्षांना अशी शिवी दिली की मीच कानावर हात ठेवला. वहिनी म्हणाली, “आमचा हात खालीच राहील, ताई.”

येळवसच्या सकाळी मी गॅलरीत उभी होते. आदल्या दिवशीपासून बिल्डिंगभर भज्जीचा वास होता. उजाडलं तसं एकेक घर बाहेर पडायला लागलं. आंबिलीचे हंडे गाडीत चढले, टोपल्या चढल्या, म्हाताऱ्या चढल्या, पोरं चढली. एक जीप गेली, दोन मोटारसायकली गेल्या, मग आणखी एक जीप. अध्यक्षांच्या जवळची दोन घरंसुद्धा गेली. मी गॅलरीतून हसले. म्हटलं, झाली यांची सभा. माणसंच नाहीत तर हात कोण वर करणार? वहिनी सगळ्यात शेवटी निघाली. तिनं वर बघितलं, मी हात हलवला, तिनं हलवला नाही. टोपलीचं फडकं नीट करत ती गाडीत बसली.

तरी वेळेवर मी खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. पोरीला आत निजवलं, दार उघडं ठेवलं. लाल खुर्च्या मांडलेल्या होत्या, बारा घरांना पुरून उरतील एवढ्या. त्यावर आम्ही सहा जण. अध्यक्ष, सचिव, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले एक बँकेतले साहेब, मास्तर आणि मी. सचिवांनी हजेरी घेतली आणि जाहीर केलं की गणपूर्ती झालेली नाही. मी पदर खोचून उठले.

“बसा बाई,” सचिव म्हणाले. “गणपूर्ती नसली तर सभा अर्धा तास तहकूब होते. नंतर जेवढे हजर तेवढ्यांत पुढं चालवता येते. उपविधीत तसं आहे.”

मी पुन्हा खुर्चीवर टेकले. सकाळपासून मी ज्यावर हसत होते तेच माझ्यावर उलटलं होतं. आलेली माणसं एका बाजूची होती आणि माझ्या बाजूची म्हणवणारी सगळी शेतात होती. त्या अर्ध्या तासात मेडिकलवाल्यानं विचारलं, “साहेब, तुमी न्हाई गेले शेतात?” अध्यक्षांनी पिंगळीकडची जमीन प्लॉटिंगला देऊन टाकलेली सगळ्यांना माहीत, त्यालाही माहीत, पण सवयीनं तोंडातून निघून गेलं. अध्यक्ष रिकाम्या खुर्च्यांकडं बघत म्हणाले, “आज एवढी सगळी जातेत, हे ध्यानातच राहिलं न्हाई.” त्यांनी सगळे येतील असंच धरलं होतं. मी जाईन हे त्यांना आठवलं, बाकीचेही जातील हे आठवलं नाही. ज्याचं शेत गेलं त्याची येळवसही गेली. मला त्यांची कीव आली, खरंच आली, पण ती मी तोंडावर येऊ दिली नाही.

अर्धा तास झाला. सचिवांनी ठराव वाचला आणि म्हणाले, “संबंधित सदस्यांनी आपलं म्हणणं मांडावं.”

मी काही लिहून आणलं नव्हतं. मी म्हणाले, “शेगडी पेटवली. पोरगी ठेवली. साहेबांना बोलले. तिन्ही केलं. पोरीचा सव्वा महिना होईपर्यंत ती इथं राहणार आणि शेगडी पेटणार. त्यानंतर माझ्या गावचं दुसरं कुणी आलं तर तेही राहणार. माझ्या घरात कोण निजावं हे विचारायला मी कुणाच्या दारात येणार नाही. मास्तरांना धुराचा त्रास झाला, त्याला मी उत्तर दिलं नाही, ते मात्र द्यायला पाहिजे होतं. बाकी मला काढायचं तर काढा. निबंधकांकडं जाईन, तिथून पुढं जाईन, जिथपर्यंत रस्ता आहे तिथपर्यंत जाईन. आयुष्यभर रस्त्यावरच होते, मला त्याची भीती नाही.”

शेवटचं वाक्य खोटं होतं. भीती होती. या वयात रस्त्यावर यायची भीती कुणाला नसते? वरून बाळाचं रडणं ऐकू आलं, मग थांबलं.

अध्यक्ष म्हणाले की जिच्याबद्दल ठराव आहे तिला मत नाही. मी म्हणाले, दाखवा कुठं लिहिलंय. सचिवांनी उपविधींची पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि पानं उलटली. बराच वेळ उलटली. मग त्या माणसानं, ज्यानं मला काढायची नोटीस स्वतःच्या हातानं टाईप केली होती, मान वर करून सांगितलं, “तसं कुठं सापडत नाही. त्यांना मत आहे.” अध्यक्षांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मला हसू आवरेना. सचिवांनी हिशेब मोठ्यानं केला. सहा जण, तीन चतुर्थांश म्हणजे साडेचार, म्हणजे पाच हात लागणार.

“ठरावाच्या बाजूनं?”

अध्यक्षांचा हात वर गेला. माझ्याकडं बघतच गेला. सचिवांचा गेला. मेडिकलवाल्याचा कोपरात वाकलेला, पण गेला. बँकेतल्या साहेबांनी आधी इकडं तिकडं बघितलं आणि मग त्यांचाही गेला. चार. सगळे मास्तरांकडं बघायला लागले.

मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. अध्यक्ष म्हणाले, “मास्तर, तुमची तर पहिली तक्रार हाय.”

“है ना,” मास्तर म्हणाले. त्यांना धाप लागली होती, ते थांबून थांबून बोलले. “धुआँ बंद करो, ऐसा लिखके दिया मैं. बाई का घर बंद करो, ऐसा कब लिखा? वो कागज पढो ना सेक्रेटरीसाब, मेरी सही के ऊपर क्या है वो.”

काठीवरचे हात त्यांनी हलवले नाहीत. ठराव नामंजूर झाला. सचिवांनी तसं लिहिलं. अध्यक्ष उठता उठता म्हणाले, “विषय पुन्हा घेऊ. पुढच्या सभेला.” मी म्हणाले, “घ्या.” खुर्च्या तशाच सोडून सगळे वर गेले. मी मास्तरांच्या मागून जिना चढले. दारापाशी त्यांना म्हणाले की शेगडी आता मागच्या गॅलरीत पेटवीन, निखारे लाल झाले की मगच आत घेईन, आणि धुरी ते फिरायला जातात तेव्हा देईन. “मेहेरबानी,” म्हणाले आणि दार लावून घेतलं. एवढं बोलायला मला सव्वा महिन्यातले निम्मे दिवस आणि एक सभा लागली.

दिवस मावळायच्या सुमाराला जीपा परतल्या. येळवसचा रिवाज असा की जो शेतात येऊ शकला नाही त्याला डबा आणायचा. जिन्यात पावलं वाजायला लागली. एकेक जण येत होतं, डबा ठेवत होतं आणि “कळलं, लय चांगलं झालं” म्हणत होतं. कुणाच्या डब्यात भज्जी, कुणाच्या उंडे, कुणाची आंबील. ओट्यावर डबे जमत गेले आणि माझा राग वाढत गेला. तो कशाचा होता हे मला वहिनी येईपर्यंत कळलं नाही.

वहिनी आली. ऊन लागून तोंड लाल झालेलं, केसात कडब्याचा कचरा. डबा पुढं करून म्हणाली, “ताई, मला माहीत होतं तुमी वाचताल. आमी मुद्दामच गेलो बघा. इथं असतो तर ह्यांना हात वर करावा लागला असता. म्हटलं, तुमच्याइरुद्ध हात नको. त्यापरीस शेतात गेलेलं बरं.”

तिला वाटलं होतं, मी तिला आत ओढीन.

“वहिनी,” मी म्हणाले, “चार हात वर झाले. पाचवा झाला असता तर माझं घर गेलं असतं. तुमी खाली येऊन नुसतं बसला असतात आणि हात मांडीवर ठेवला असतात, तरी एवढी पाळी आली नसती.”

“असं कसं म्हणता ताई? आमी तुमच्या भल्यासाठीच—”

“माझं भलं इथं खुर्चीवर बसून करायचं होतं. शेतात बसून न्हाई.”

तिचे डोळे भरले. मी तरी थांबले नाही. आजवर मी कुणाच्या हातचं येळवसचं अन्न परत केलं नव्हतं. तिच्या हातातला डबा मी तिच्याकडंच लोटला. तिला हे खरं वाटेना. आत पोरगी म्हणाली, “आत्या, काऊन असं करायलीस?” मी तिला गप्प बसवलं.

“अध्यक्ष पुन्हा सभा घेणार हायेत,” मी म्हणाले. “भाऊजींना घेऊन या. बाजूनं हात करा, न्हाई तर इरुद्ध करा. इरुद्ध केला तर मी तिथंच तुमच्याशी भांडीन, बिल्डिंग डोक्यावर घेईन, आणि भांडून झालं की वर येऊन चहा टाकीन, तोही तुमच्यासाठी. अध्यक्षांशी आज मी बोलले, उद्याही बोलीन, त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून हात वर केला. पण त्या दिवशी जर तुमी पुन्हा कुठं निघून गेलात, तर हे दार तुमाला उघडायचं न्हाई.”

वहिनी डबा छातीशी धरून उभी राहिली. खालून तिच्या नवऱ्यानं तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

“आणि ह्यांनी इरुद्ध केला,” ती हळू आवाजात म्हणाली, “तर मी काय करू?”

“घर त्यांच्या नावावर हाय,” मी म्हणाले, “पण तोंड तर तुमचंच हाय ना?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग डबा तसाच घेऊन जिना उतरली आणि अर्ध्यात थांबून म्हणाली, “तारीख कळली की सांगा.”